पटकथेतलं एलजीबीटीक्यू पात्र: दुसऱ्या खर्ड्यात काय तपासायचं

पहिल्या खर्ड्यात पात्रांना हात लावू नका. तेव्हा ती लेखकालाच पुरती कळलेली नसतात. शूटिंगच्या तारखा लागल्यावर तपासायला घेतलंत तर फार तर दोन संवाद बदलतील, प्रसंग बदलणार नाही. मधली वेळ पकडायची: दुसरा खर्डा तयार आहे आणि कलाकार अजून ठरलेले नाहीत. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असणारं) किंवा ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आपलं न मानणारं) पात्र असलेल्या पटकथेची तपासणी तेव्हा करायची. चित्रपटाला दोन दिवस पुरतात. मालिकेत सगळे भाग लिहून झालेले नसतात, म्हणून तिथे लिहिलेले भाग आणि पुढच्या ट्रॅकची वन-लाइन (कथानकाच्या पुढच्या धाग्याचा थोडक्यात सारांश) एकत्र घेऊन बसा.

आधी तक्ता

कागदावर पाच रकाने आखा. पहिल्यात दृश्य क्रमांक. दुसऱ्यात त्या दृश्यात या पात्राला काय हवंय. तिसऱ्यात ते कोणता निर्णय घेतं. चौथ्यात त्या निर्णयामुळे पुढे काय बदलतं. पाचव्यात त्याच्या लैंगिकतेचा किंवा लिंगभावाचा (आपण स्त्री, पुरुष की आणखी कुणी, या स्वतःच्या जाणिवेचा) उल्लेख आहे की नाही, नुसती खूण. पात्र ज्या ज्या दृश्यात आहे ती सगळी भरा, मागे नुसतं उभं असेल ती दृश्यंसुद्धा.

भरून झाल्यावर तक्ता उभा वाचायचा. दुसरा रकाना जवळजवळ रिकामा आणि पाचवा खुणांनी भरलेला असेल, तर पात्र विषय म्हणून आलंय, माणूस म्हणून नाही. उलट, दुसऱ्या रकान्यात दर वेळी दुसऱ्याच कुणाची इच्छा लिहावी लागत असेल (‘नायिकेने त्याला फोन करावा असं याला वाटतं’), तर तुमच्याकडे सल्लागार मित्र आहे. तो विनोदी असतो, कपडे निवडून देतो, रात्री दोनला फोन उचलतो आणि त्याच्या स्वतःच्या घरात कोण राहतं हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. हे पात्र वाईट नाही, अर्धवट आहे. दुरुस्तीही अवघड नाही. एका दृश्यात तो फोन उचलणार नाही आणि का उचलला नाही हे आपल्याला दिसेल, एवढं लिहिलं तरी दुसऱ्या रकान्यात पहिल्यांदा त्याची स्वतःची नोंद होते.

तीन अटींची चाळणी

माध्यमांतल्या एलजीबीटीक्यू चित्रणावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या ग्लाड या संस्थेने २०१३ साली स्टुडिओंच्या चित्रपटांचं मोजमाप करायला एक चाचणी आणली. चित्रपट-इतिहासकार व्हिटो रुसो यांच्या नावाने ती ओळखली जाते. अटी तीन. एक, चित्रपटात ओळखू येईल असं एलजीबीटीक्यू पात्र हवं. दोन, त्या पात्राची सगळी किंवा मुख्य ओळख लैंगिक कल वा लिंगभाव एवढीच नको. तीन, ते कथेत असं गुंतलेलं हवं की काढलं तर कथेला मोठा फरक पडेल.

पहिल्या दोन अटी जमवणं सोपं असतं; खर्डे अडकतात ते तिसरीवर. तपासायचं असं: पात्राची सगळी दृश्यं काढून बाजूला ठेवा आणि उरलेली पटकथा सलग वाचा. कुठे अडखळलात? एकदाही अडखळला नाहीत तर पात्र तोंडी लावायला ठेवलंय.

मात्र ही चाळणी आहे, प्रमाणपत्र नव्हे. खुनी खलनायकही तिन्ही अटी पार करतो. म्हणून चाळणीतून पात्र सुटलं की उलटी तपासणीही करा. पात्र सरळ भिन्नलिंगी आहे असं धरून तीच दृश्यं पुन्हा वाचा. काहीच बदलत नसेल तर लेखकाने नाव आणि सर्वनाम बदलण्यापलीकडे काही केलेलं नाही. खऱ्या आयुष्यात बारीकसारीक गोष्टी बदलतात: रुग्णालयाच्या अर्जावर ‘नातं’ या रकान्यासमोर काय लिहायचं, भाड्याने घर घेताना दोघांनी एकमेकांची ओळख काय म्हणून करून द्यायची, पाकिटात कुणाचा फोटो ठेवायचा. यातली एखादी गोष्ट गोष्टीच्या ओघात यावी, प्रबोधन म्हणून नाही.

मरणाचा हिशेब

या पात्रांच्या वाट्याला मरण आणि खलनायकी इतकी का येते, याला कारण आहे. हॉलिवूडची निर्मिती संहिता, म्हणजे चित्रपटात काय चालेल आणि काय नाही याची नियमावली, १९३० साली लिहिली गेली आणि १९३४ पासून काटेकोरपणे लागू झाली. समलैंगिकतेचा समावेश ‘लैंगिक विकृती’त होता आणि तिचा सूचक उल्लेखही चालत नव्हता. शिवाय संहितेला पाप करणाऱ्याला शिक्षा झालेली हवी होती. मग लेखकांनी शब्दाऐवजी खुणा वापरल्या: आवाजाची लकब, अतिनीटनेटके कपडे, हातातली छडी. अशी खूण असलेल्या पात्राचा शेवट ठरलेला. संहिता १९६८ मध्ये गेली, तिच्या जागी वयानुसार वर्गीकरण आलं. सवय मागे राहिली. पुढे अॅनिमेशनमधल्या खलनायकांची चालबोल पाहिली तरी ती ओळखू येते.

मालिकांतलं ठळक उदाहरण म्हणजे भरकटलेली गोळी. ‘बफी द व्हँपायर स्लेअर’मधली टारा २००२ साली अशाच गोळीने मेली, प्रेयसीशी समेट झाल्या झाल्या. ‘द हंड्रेड’ या युद्धाच्या मालिकेतली सेनानी लेक्सा मार्च २०१६ मध्ये गेली तीही दुसऱ्यावर झाडलेल्या गोळीने, आणि प्रेमदृश्यानंतर लगेच. दुसऱ्या वेळी प्रेक्षकांनी मोठा गदारोळ केला. युद्धाच्या गोष्टीत माणसं मरतात हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. चीड आली ती दोन गोष्टींची: सुख आणि मरण यांच्यात श्वास घ्यायलाही जागा नव्हती, आणि मरण अपघाती असल्यामुळे त्या सेनानी बाईच्या स्वतःच्या एकाही निर्णयाशी त्याचा संबंध नव्हता.

तुमच्या पटकथेत असं पात्र मरत असेल तर तक्ता पुन्हा काढा. मरण तिसऱ्या रकान्यातल्या कुठल्या निर्णयातून येतंय? आधीच्या सुखाच्या दृश्यापासून ते किती दृश्यं लांब आहे? कथेत दुसरं एलजीबीटीक्यू पात्र जिवंत उरतं का? आणि या मरणाने कोण शहाणं होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नायक’ असं येत असेल तर ते मरण नायकाच्या शिकवणीची फी आहे. आजार, आत्महत्या आणि जमावाची मारहाण यांनाही हेच प्रश्न लावायचे. लेखक हे सगळं कळवळ्यानेच लिहितो, आणि नेमकं तिथेच त्याचं दुर्लक्ष होतं.

घरी सांगण्याचा प्रसंग

मुलगा किंवा मुलगी घरी सांगते तो प्रसंग जवळपास प्रत्येक खर्ड्यात असतो. ठेवायचा की नाही हे कथेवर सोडा, पण ठेवलात तर दोन गोष्टी मोजा. सांगणाऱ्याची वाक्यं किती आणि ऐकणाऱ्यांची किती? आणि दृश्याचा शेवटचा शॉट कुणावर? बहुतेक खर्ड्यांत कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर थांबतो, नंतरची तीन दृश्यं तिच्या रडण्याची, आणि ज्याने सांगितलं तो शेजारच्या खोलीत गायब. ती आईची गोष्ट असेल तर चालेल, पण मग पोस्टरवर मुलाचा फोटो लावू नका.

दुसरी चूक भाषणाची. तीन मिनिटं सलग बोलणारं पात्र सहसा प्रेक्षकांशी बोलत असतं, आईशी नाही. आईला मुलाबद्दल काय काय आधीच ठाऊक आहे त्याची यादी करा आणि तेवढी माहिती भाषणातून उडवा. निम्मं भाषण जातं. उरतं त्यात एक वाक्य खरं असतं, तेवढं पुरे.

बायसेक्शुअल पात्राची अडचण वेगळी. ते ज्या क्षणी ज्याच्याबरोबर असेल त्यावरून प्रेक्षक त्याला गे किंवा सरळ ठरवून मोकळे होतात. त्याच्या जुन्या नात्याचा सहज उल्लेख पहिल्या पंधरा मिनिटांत येऊ द्या, नाव घेऊन आणि स्पष्टीकरण न देता. उशिरा आला की ते धक्कातंत्र होतं, आणि ‘हा दोन्हीकडे’ म्हणजे ‘हा फसवणारा’ असं ऐकू येतं.

मराठीचं व्याकरण ही सोयही आहे आणि सापळाही

इंग्रजीत ‘पार्टनर’ म्हणून वेळ मारून नेता येते, क्रियापद काही सांगत नाही. मराठीत बोलणारा दर दुसऱ्या वाक्याला स्वतःचं लिंग सांगत असतो. त्यामुळे ट्रान्स पात्राला मराठीत ‘मी कोण आहे’ असं भाषण करावंच लागत नाही. ‘आत्ताच आलो’ म्हटलं की झालं.

याचा उपयोग करा. ट्रान्स पुरुष घरी येतो. मोठी बहीण विचारते, ‘कधी आलीस?’ तो म्हणतो, ‘आत्ताच आलो.’ लीस आणि लो. भांडण तिथेच झालं, पुढे ती चहा ठेवायला वळली तरी चालेल. चित्रपटाच्या मध्यावर तीच बहीण विचारते, ‘कधी येणं झालं?’ म्हणजे तिला जुनं रूप वापरवत नाही आणि नवं जिभेवर येत नाही. शेवटाकडे कधीतरी, दुसऱ्याच कामात असताना, मान वर न करता: ‘आलास?’ एवढ्या तीन संवादांत तिचा सगळा प्रवास येतो. यातल्या एकाही ठिकाणी पार्श्वसंगीत वाढवू नका.

लपवणाऱ्या पात्रासाठी आदरार्थी बहुवचन फार कामाचं. बाई कार्यालयात सांगते, ‘घरी त्यांना बरं नाहीये, मी लवकर निघते.’ ऐकणारे नवरा समजतात, ती समजू देते. ‘त्यांना’, ‘त्यांनी’, ‘त्यांचं’ यांत स्त्रीपुरुष कळत नाही. पण कर्ता प्रथमेत, म्हणजे प्रत्ययाशिवाय, आला की बिंग फुटतं: ‘ते’ किंवा ‘त्या’ यांतलं एक निवडावं लागतं. म्हणून सावध माणूस त्या जागा चुकवत बोलतो. आणि मग थकलेल्या एखाद्या सकाळी तिच्या तोंडून निसटतं, ‘रात्रभर झोपली नाही गं.’ मैत्रीण टाइप करायची थांबते. अख्खा प्रसंग ‘ली’ या एका अक्षरावर उभा आहे, पुढे ‘म्हणजे?’ असा प्रश्न घालून तो पाडू नका.

नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारं) पात्र लिहिताना, किंवा काही काळ लिंग उघड करायचं नसताना, कुठली रूपं मोकळी आहेत ते पाठच हवं. ‘मी जाईन’, ‘मी जाणार आहे’ यांत काही कळत नाही. ‘मी जातो’, ‘मी गेले’, ‘मी होतो’ यांत कळतं. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी विचारलं’, ‘मी सांगितलं’ बिनधोक. ‘मी म्हणालो’, ‘मी विसरले’, ‘मी जेवलो’ मात्र नाही. ‘मला वाटतं’, ‘मला निघायचंय’ चालतं. समोरच्याशी बोलताना ‘तू काय केलंस’ आणि ‘तू येशील’ मोकळी, ‘तू आलास’, ‘तू येतेस’ बांधलेली. ‘तुम्ही आलात’ मोकळं, पण ‘तुम्ही दमलेल्या दिसता’ नाही. दमलेला, चांगला, एकटा अशी विशेषणं बदलतात. हुशार, शांत, खूश बदलत नाहीत.

एवढं जमतं, पण सगळा चित्रपट या कसरतीवर चालवला तर पात्र सरकारी पत्रासारखं बोलू लागतं. पाच-सहा दृश्यं झाली की एक रूप निवडायला लावा, किंवा पात्र दोन्ही रूपं आलटूनपालटून वापरतं असं ठरवा आणि ते जाणूनबुजून आहे हे संहितेच्या पहिल्या पानावर लिहा. नाहीतर कुणीतरी सहायक ‘चूक’ म्हणून सुधारून टाकतो. तृतीय पुरुषी नपुंसकलिंगी एकवचन (‘ते आलं’) सुटसुटीत वाटतं, पण मराठीत ते लहान मुलासाठी किंवा हेटाळणीने वापरतात. पात्राने स्वतःसाठी ते निवडलं असेल तरच ठेवा.

शब्दांचंही पाहा. बायसेक्शुअलला ‘उभयलिंगी’ लिहू नका: शाळेच्या पुस्तकात गांडूळ उभयलिंगी असतं, वाचणाऱ्याला तेच आठवतं. ‘तृतीयपंथी’ हा शब्द ज्या समूहाला लोक लावतात त्यात प्रत्येक ट्रान्स व्यक्ती येत नाही. ट्रान्स पुरुषाला तर तो मुळीच बसत नाही. ट्रान्ससाठी ‘पारलिंगी’ लेखात चालतो, संवादात कानाला खटकतो. पात्र स्वतःला काय म्हणतं, आई त्याला काय म्हणते आणि गल्लीतला पोरगा काय म्हणतो, हे तीन वेगळे शब्द असणार. तिन्ही लिहून ठेवा.

अजून एक, आणि यात हमखास घोळ होतो. संवादाच्या वर लिहिलेलं नाव आणि दृश्यवर्णनातली सर्वनामं पहिल्या पानापासून पात्राची स्वतःची ठेवा, उलगडा मध्यंतराला होणार असला तरी. कपडेपट, रंगभूषा, ध्वनी, सगळे संहिता वाचून काम करतात. कागदावर ‘तो’ असलेल्या ट्रान्स स्त्रीला सेटवरही दिवसभर ‘तो’च ऐकावं लागतं.

कात्री कुठे लागेल

प्रेमदृश्यासाठी स्टॉपवॉच वापरा. चित्रपटातल्या भिन्नलिंगी जोडप्याचा स्पर्श किती सेकंद, या जोडप्याचा किती? एक रात्रभर मिठीत आणि दुसरं खांद्यावर हात, असं असेल तर लाज कुणाला वाटतेय ते कळतं. उलटही होतं. बाकी सगळ्यांना संसार आणि यांना नुसती शय्या, त्यातही दोन बायका असतील तर कॅमेरा खिडकीतून बघणाऱ्या पुरुषाच्या उंचीवर. शॉट डिव्हिजनमध्ये (दृश्याच्या शॉटवार यादीत) प्रत्येक शॉटपुढे लिहा: हे कोण बघतंय?

असं दृश्य चित्रित करताना इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीच्या दृश्यांची आखणी करणारी व्यक्ती, घ्या. एचबीओ या अमेरिकी वाहिनीने २०१८ पासून तो आपल्या निर्मितीत नेमायला सुरुवात केली. स्पर्श कुठे आणि किती वेळ, हे आधी कागदावर ठरतं, कलाकार सही करतात, आणि सेटवर त्यापलीकडे काही मागायचं नाही. समलिंगी दृश्यात याची गरज जास्त, कारण घाबरलेले दोन नट हसून वेळ मारून नेतात आणि ते हसू पडद्यावर दिसतं.

पुढचा प्रश्न वितरणाचा. २०१९ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात शेवटच्या जल्लोषात दोन स्त्रियांचं ओझरतं चुंबन होतं. सिंगापूरमध्ये ते कापलं गेलं आणि चित्रपट तसाच चालला, कारण कथेत त्याला काही धरून नव्हतं. त्याच वर्षी चीनमध्ये गायक फ्रेडी मर्क्युरीवरच्या ‘बोहेमियन रॅप्सडी’तले समलैंगिकतेचे प्रसंग कापले, पण तिथे माणसाच्या आयुष्याचीच गोष्ट असल्याने भगदाडं दिसली आणि त्याची चर्चा झाली. सहज निघेल असा क्षण लिहिलात तर तो निघेल. नात्याची कबुली ज्या दृश्यात आहे त्याच दृश्यात कथानकाचा एखादा आवश्यक दुवा ठेवा: किल्लीचा ठावठिकाणा, मृत्युपत्र, साक्षीदाराचं नाव. मग कात्री लावणाऱ्याला आधी कथा सोडवत बसावं लागतं.

कलाकार आणि वाचक

ट्रान्स स्त्रीच्या भूमिकेत पुरुष नट घेतला की चित्रपट संपल्यावर तो दाढी वाढवून मुलाखतीला येतो, आणि प्रेक्षकाच्या मनात राहतं ते ‘काय मेकअप केला होता!’ पात्र म्हणजे वेषांतर, असा त्याचा अर्थ होतो. ‘तयार कलाकार मिळत नाहीत’ ही सबब नेहमीची. ‘टँजरिन’ (२०१५) आयफोन ५एसवर चित्रित झाला, मुख्य भूमिकांत दोन नवख्या ट्रान्स अभिनेत्री होत्या. त्यातल्या माया टेलरला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला. चिलीच्या ‘अ फँटास्टिक वुमन’मध्ये डॅनिएला व्हेगा ही ट्रान्स अभिनेत्री नायिका होती, आणि त्या चित्रपटाला २०१८ मध्ये परभाषा विभागाचं ऑस्कर मिळालं. नवखा कलाकार घ्यायचा तर तालमीचे दिवस वाढवा, भूमिका कापू नका.

गे आणि लेस्बियन भूमिकांबाबत मतं वाटली गेली आहेत. ऑडिशनला कुणाला त्याची लैंगिकता विचारू नये, एवढं तरी पाळावं.

संहिता एलजीबीटीक्यू समाजातल्या निदान दोघांना वाचायला द्या. एकाचं मत म्हणजे एकाचंच मत. मानधन द्या, तेही वाचण्याआधी ठरवून. ‘आवडलं का?’ असं विचारलं तर लोक भिडेखातर ‘हो’ म्हणतात. प्रश्न नेमके हवेत: कुठल्या पानावर वाचणं थांबवावंसं वाटलं? कुठलं वाक्य कुणीच असं बोलत नाही? कुठल्या दृश्यात पात्राऐवजी लेखक दिसला? उत्तरं पान क्रमांकासह घ्या. दोघांनी एकाच पानावर खूण केली तर चर्चा न करता ते पान पुन्हा लिहा. दोघांचं जुळत नसेल तर बसून बोला. तिथे बहुधा चांगलं दृश्य दडलेलं असतं.

ट्रेलर आणि डबिंग

इतकं करून शेवटी ट्रेलर दुसराच कुणीतरी कापतो. दोन मित्रांची जवळीक ट्रेलरमध्ये दाखवायची आणि चित्रपटात ‘आम्ही भावासारखे’ म्हणायचं, हा गल्ला जमवायचा प्रकार प्रेक्षक आता ओळखतात. उलट, चित्रपटात नातं आहे आणि ट्रेलरमध्ये नाव नाही, हेही होतं. ट्रेलरचा मसुदा लेखकाला दाखवायचा, हे करारात आधीच घाला.

डबिंगमध्ये तर नातंच बदलू शकतं. ‘सेलर मून’ या जपानी मालिकेतल्या दोन प्रेयसी इंग्रजी डबिंगमध्ये मावस-चुलत बहिणी झाल्या. संवाद बदलले, नजरा तशाच राहिल्या, आणि व्हायचा तो विचका झाला. तुमची कलाकृती दुसऱ्या भाषेत जाणार असेल तर संवादांसोबत एक पान जोडा: कोणतं पात्र स्वतःसाठी कुठलं रूप वापरतं, कोण त्याला कुठलं वापरतं आणि कितव्या दृश्यात ते बदलतं. वरच्या बहिणीचं उदाहरण घ्या. ‘आलीस’, ‘येणं झालं’, ‘आलास’ या तिन्ही जागांचे टाइमकोड (चित्रपटातली नेमकी वेळ) त्या पानावर हवेत, नाहीतर तिन्ही ठिकाणी एकच वाक्य जाईल.